रुमालाखाली ठरलेली जेवणं

इटलीचा समुद्र मी पाहिला तो जाळ्यांच्या पायी. हौसेने परदेश बघायला निघावं अशी माझी तेव्हा परिस्थिती नव्हती, आणि स्वभाव तर आजही नाही. देऱ्यात खोरच्या धक्क्यावर माझं दुकान होतं. खोर म्हणजे दुबईच्या मधोमध शिरलेली खाडी. दुकानात दोर, गळ, बुचं, शिशाच्या गोळ्या आणि जाळी. साठीच्या दशकाच्या मध्यावर सुताची जाळी मागे पडून नायलॉनची येत होती, आणि ती माझ्यापर्यंत पोचेपर्यंत दोन मधले व्यापारी त्यांच्यावर जेवून उठलेले असत. मधला माणूस मला सोसत नाही. इटलीच्या दक्षिणेला बारी नावाच्या बंदराच्या आसपास जाळी विणणारे कारखाने आहेत असं एका लेबनानी व्यापाऱ्याकडून कळलं, तेव्हा मी म्हटलं, यल्ला, आपणच जाऊ.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मीही येते."

"तू काय करणार तिथे?"

"तुम्ही जाळी बघा, मी समुद्र बघेन."

"इथे समुद्र नाही?"

"इथला बघून झाला." मग हातातलं काम न थांबवता म्हणाली, "आणि येताना विमान नको. बोटीने मुंबईला उतरू, तिथून दुबईला येऊ."

मला वाटलं, विमानाला घाबरली असेल. मी मालाची गाठ न सोडता आत काय आहे ते सांगणारा माणूस, पण घरच्या माणसाने काय बांधून ठेवलंय ते मला बैरूतला कळलं. तिथे आम्ही विमान बदलायला थांबलो होतो. शेजारच्या खुर्चीवर बसून, समोर बघत, तिने गाठ सोडली.

"मुंबईला उतरलो की माझ्या घरी जायचं. तुम्हीपण. बाबांना आता नीट दिसत नाही. त्यांच्या दस्तरखानावर एकदा जेवायला बसा. ते असेपर्यंत."

"खलास," मी म्हणालो. "त्या घरात मी पाणीसुद्धा पिणार नाही. तुला माहीत आहे."

"पाणी नका पिऊ. जेवा."

माझा आवाज चढला. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. ती शांतपणे पर्समधून बडीशेप काढून खात बसली.

हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. माझे सासरे जयगडच्या खाडीवरचे गलबतवाले. माझा बाप त्यांच्याच गलबतावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. आयुष्यभर त्यांचा माल त्याने मुंबईला आणि मलबारला पोचवला, वादळात एकदाही गलबत सोडून पळाला नाही. मी मिसरूड फुटायच्या आत दुबईला आलो, दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलली, आणि स्वतःचं दुकान झाल्यावर मालकाच्या मुलीला मागणी घातली. मालकाने दिली. दिली म्हणजे उपकार केले नाहीत, तोपर्यंत गलबतांचे दिवस सरत आले होते आणि माझे चढत होते. पण लग्नाच्या दिवशी पुढच्या ओटीवर गावातले मोठे लोक जेवायला बसले, आणि नवऱ्या मुलाचा बाप कुठे म्हणून मी शोधायला गेलो तर तो मागच्या पडवीत, खलाशांच्या रांगेत बसून जेवत होता. हसत जेवत होता, हे आणखी वाईट. त्या दिवशी माझ्या पुढ्यातलं ताट मी तसंच ठेवलं, आणि त्यानंतर त्या घरात घास घेतला नाही. दोन वर्षांनी बाप गेला. इटलीला निघालो तेव्हा लग्नाला चार वर्षं झाली होती, मुलं अजून व्हायची होती, आणि बायको माहेरी जायची ती एकटी.

तेव्हा इटलीच्या त्या सगळ्या प्रवासात आमच्याबरोबर तिसरं कुणीतरी होतं असंच समजा. ते माझ्या सासऱ्यांचं दस्तरखान.

रोमला उतरून रेल्वेने बारीला गेलो. स्टेशनवर कारखान्याचा माणूस आला होता. पन्नाशीचा, बुटका, टोपी कायम मागे सरकलेली. त्याचं लहानपण त्रिपोलीत गेलेलं, म्हणून तो अरबी बोलायचा. त्याची अरबी लिबियाची, माझी खोरच्या धक्क्यावरची. दोघांनाही अर्धं कळायचं आणि उरलेलं आम्ही हातांनी पुरं करायचो. इटलीची माणसं हातांनी इतकं बोलतात की तोंडाची गरज फक्त ओरडायला. मला पहिल्याच दिवशी तिथे घरच्यासारखं वाटलं.

बारीच्या जुन्या धक्क्यावर सकाळी कोळी आठ पायांचं माकूल दगडावर आपटत होते. धोबी आपटतात तसं, पुन्हा पुन्हा, फेस येईपर्यंत. मग टोपलीत घालून बाळाला झोळीत झुलवावं तसं झुलवायचे, की त्याचे पाय कुरळे व्हायचे. आणि तसंच कच्चं तोंडात टाकायचे. एकाने माझ्यापुढे धरलं.

"हलाल?" मी त्रिपोलीवाल्याला विचारलं.

तो म्हणाला, "हबीबी, समुद्रातलं आहे."

आम्ही शाफई मजहबाचे, समुद्रातलं आम्हाला सगळं चालतं. पण कच्चं खायला मजहब नाही, पोट लागतं. मी मान हलवली. बायकोने मात्र हात पुढे केला, तुकडा तोंडात टाकला, चावत राहिली, आणि म्हणाली, "लिंबू हवं होतं." कोळ्याने खिशातून लिंबू काढलं. त्या दिवसापासून त्या धक्क्यावर माझी ओळख सिन्योराचा नवरा अशी झाली.

तिथलं मटण आम्हाला चालणार नव्हतं, म्हणून सगळा मुक्काम मासळीवर. बायकोने ट्रंकेत तांदूळ, आमसुलं आणि मसाल्याचा डबा आणला होता. बारीपासून थोड्या अंतरावरच्या एका लहान गावात त्रिपोलीवाल्याने आम्हाला एका विधवेच्या घरी खोली मिळवून दिली. पांढरं घर, खाली गल्ली, गल्लीच्या टोकाला समुद्र. ती बाई दुपारी दारात पाट घेऊन बसायची आणि कणकेच्या लांब वळकटीचे तुकडे करून एकेक अंगठ्याने दाबून त्याचा कानासारखा आकार करायची. माझ्या बायकोने थोडा वेळ बघितलं, मग पदर खोचून शेजारी बसली. आमच्याकडे गव्हले वळतात त्याच चालीने तिचे हात चालायला लागले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. तरी मी कारखान्यातून परत आलो की दोघींचं बोलणं चालू असायचं. ती बाई इटालियनमध्ये, ही मराठीत. कशाबद्दल बोलता विचारलं तर बायको म्हणाली, "तिच्या सुनेबद्दल."

"तुला काय कळतं?"

"सुनेबद्दल काय असतं ते सगळीकडे सारखंच की."

कारखान्यातला सौदा कसा झाला हा वेगळा विषय आहे. चांगला झाला एवढंच लिहितो. मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो, एकदा तर रस्त्यावर पोचलो. त्रिपोलीवाला मागून टोपी सावरत धावत आला. सौद्यात जो उठून जाऊ शकतो तो जिंकतो, हे मी बायकोला त्या दिवशी मोठ्या ऐटीत सांगितलं. सांगायला नको होतं.

कारखान्याचं काम दुपारपर्यंत असायचं. मग त्रिपोलीवाला आपल्या खटारा मोटारीतून आम्हाला किनाऱ्यावरची गावं दाखवायचा. पोलिन्यानो म्हणून एक गाव आहे, ते कड्याच्या अगदी टोकावर बांधलेलं. घरांच्या खिडक्या सरळ समुद्रावर, आणि दोन कड्यांच्या मध्ये जेमतेम चार गलबतं ओढून ठेवता येतील एवढीच पुळण. तीसुद्धा वाळूची नाही, गोट्यांची. त्या गोट्यांवर लोक उघडे पडलेले, सुकत घातलेल्या बोंबलांसारखे. बायकोने आधी डोळ्यांवर पदर ओढला. मग पदर थोडा सरकवला. मग म्हणाली, "ती म्हातारी बघा. माझ्या आत्येएवढी असेल. काय पोहते!" मग साडी घोट्याच्या वर धरून पाण्यात उतरली आणि गोट्यांवर पाय टेकत नाही म्हणून माझा दंड धरून उभी राहिली. आमच्या जुमैराच्या किनाऱ्यावर तेव्हा कोळ्यांच्या झोपड्या आणि उंटांसाठी सुकवलेल्या तारल्यांचा वास. तिथे तिने माझा दंड असा कधी धरला नव्हता. माणसं बघत असतात. इथे कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

पाणी हिरवं-निळं आणि तळापर्यंत दिसणारं. डोंगर थेट पाण्यात उतरतो ते खोरफक्कानला मी पाहिलं होतं, तिकडे जाळी विकायला मी जीपने जायचो. पण खोरफक्कानला डोंगर उघडा. इथे कड्याच्या डोक्यावर ऑलिव्हची झाडं, अंजिरं, आणि गच्च्यांवर वाळत घातलेले टोमॅटो. "ही आमसुलं वाळवायचीच तऱ्हा," बायको म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्या अंगणात बाबा हल्ली आमसुलं राखत बसतात. कावळा दिसत नाही, पण काठी हलवतात."

 कळत होतं मला, भाव सांगायला सुरुवात झाली होती.

दुसऱ्या एका गावी लांब वाळूचा किनारा होता आणि त्यावर रांगेने छत्र्या, खाली खुर्च्या. मी एका खुर्चीवर बसलो तर एक पोरगेलासा माणूस पैसे मागायला आला.

"कसले पैसे?"

त्रिपोलीवाला म्हणाला, "छत्रीचे. आणि जागेचे."

"वाळूचे? समुद्राच्या काठच्या वाळूचे पैसे?" मी उठून उभा राहिलो. "त्याला सांग, माझ्या गावाहून उंटावर बसून चार दिवस कुठेही जा, वाळूच आहे. हवी तेवढी पाठवतो. बोटीचं भाडं माझं."

त्रिपोलीवाल्याने ते भाषांतर करून सांगितलं. तो माणूस हसला, शेजारच्यांना सांगितलं, तेही हसले. शेवटी आम्ही छत्रीच्या बाहेर, ओल्या वाळूवर बसलो. ओली वाळू फुकट होती. बायको छत्रीकडे बघत म्हणाली, "तिथे सावली होती."

"प्रश्न सावलीचा नाही."

"तुमचा प्रश्न कधीच सावलीचा नसतो," ती म्हणाली.

जायच्या दोन दिवस आधी त्रिपोलीवाला आम्हाला एका छोट्या बंदरावर मासळीचा लिलाव दाखवायला घेऊन गेला. जाळी घेणाऱ्याने मासे कसे विकले जातात तेही बघावं असं त्याचं म्हणणं. संध्याकाळच्या होड्या लागत होत्या. लाकडी खोकी ओळीने मांडलेली. बायको खोक्यांमधून फिरली आणि एका खोक्यापाशी थांबली. "बोय," ती म्हणाली. "आमच्या खाडीची बोय." समुद्र सगळे एक असतील, पण बोय ही बोयच. गोल डोकं, रुपेरी अंग, खवलं मोठं. "एवढं खोकं घ्या. मी आमसूल घालून करते. त्या बाईलाही खाऊ घालू."

आता माझी बाजू ऐका. मी लिलावात वाढलेला माणूस आहे. दुकानासमोरच्या ओळीत तेव्हा दोन-तीन म्हातारे मोतीवाले अजून बसायचे. मोत्यांचा धंदा कधीच बुडालेला, पण सवय उरलेली. त्यांचा सौदा तोंडाने व्हायचा नाही. दोघे समोरासमोर बसायचे, हातांवर फडकं टाकायचे, आणि फडक्याखाली एकाने दुसऱ्याची बोटं धरायची. जितकी बोटं, तितका आकडा. सगळा पंजा धरला की पाच. भोवती बसलेल्यांना काही कळत नाही, चेहरा हलवायचा नाही, बोलायचं नाही. आमच्याकडे घाटावर बैलांच्या बाजारातही रुमालाखाली असंच चालतं. माझ्या दृष्टीने सभ्य माणसांचा सौदा तो हा.

त्या बंदरावर मधोमध लिलाव करणारा उभा होता, धिप्पाड, मिशांचा, चामड्याचा लांब एप्रन घातलेला. बाकीचे खरेदीदार एकेक करून त्याच्यापाशी जात होते, अगदी चिकटून उभे राहत होते आणि बाजूला होत होते. आकडा कुणी ओरडत नव्हतं. मी लांबून पाहिलं, आणि मला वाटलं, कळलं. हा आपलाच रिवाज. फक्त यांच्याकडे फडकं नाही. गरीब लोक.

मी खिशातून धुतलेला मोठा रुमाल काढला, पुढे गेलो, त्या धिप्पाड माणसाचा उजवा हात माझ्या हातात घेतला, वर रुमाल टाकला, आणि रुमालाखाली त्याची तीन बोटं धरून चांगली दाबली.

तो माणूस गप्प. त्याने आधी रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळं बंदर गप्प. मला वाटलं, भाव कमी पडला. मी चौथं बोट धरलं.

मागून कुणीतरी शीळ घातली. मग असा काही हशा उठला की खोक्यांवर बसलेल्या मांजरी पळाल्या. एक म्हातारा कोळी पोट धरून दोरांच्या वेटोळ्यात बसला. लिलाववाल्याच्या मिशा थरथरत होत्या, त्याने हात मात्र सोडवून घेतला नाही, एवढा तो भला. त्रिपोलीवाला धावत आला.

"हबीबी, काय करतोस? आकडा कानात सांगायचा! कानात! तो सगळ्यांचे आकडे डोक्यात ठेवतो, आणि ज्याचा जास्त त्याला माल देतो."

मी तापलो. "कानात? कानात सांगितलेलं कुणी पाहिलं? उद्या म्हणेल, मी ऐकलंच नाही. हातात हात असला की निदान दोघांना ठाऊक असतं! ही काय विकायची पद्धत आहे?" मी मराठीत, हिंदीत, अरबीत, जे तोंडाला येईल त्यात बोलत होतो. कुणी रागावलं नाही. मी जितका ओरडलो तितके ते खूष. आपला सौदा समजावणारा माणूस असा हात हलवून ओरडतो तर तो आपल्यातलाच, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं.

आणि माझी बायको. चार वर्षांत मी तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडात कोंबला तरी आवाज बाहेर येत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती शेजारच्या कोळणीच्या खांद्यावर टेकली होती. तीही हसत होती.

लिलाव संपल्यावर त्या धिप्पाड माणसाने स्वतः बोयचं खोकं उचललं आणि तिच्या पायाशी आणून ठेवलं. "सिन्योरा," तो म्हणाला, आणि हात छातीवर ठेवला.

मी पैसे काढले. त्याने नाही म्हटलं. मी पुढे केले. त्याने पुन्हा नाही म्हटलं. फुकटचा माल मी आयुष्यात घेतला नव्हता. फुकट घेतलं की समोरचा वर बसतो आणि आपण खाली. मी त्रिपोलीवाल्याला म्हणालो, "सांग याला, घेत नाही. आम्ही भिकारी नाही."

"त्याला काही सांगू नका," बायको म्हणाली. अरबी तिला येत नव्हती, पण माझा आवाज येत होता. ती वाकली, खोकं उचललं, आणि त्या माणसाकडे बघून छातीवर हात ठेवता येईना म्हणून नुसती मान झुकवली. मग चालायला लागली. मी मागून.

"तू घेतलंस?"

"घेतलं."

"मला न विचारता?"

"त्याने प्रेमाने दिलं. तुम्हाला सगळ्यात अपमानच दिसतो. कुणी पुढे बसवलं तरी, मागे बसवलं तरी."

रस्त्यात मी थांबलो. खोक्यातून पाणी गळत होतं, तिची साडी भिजत होती.

"माझ्या बापाला मागे बसवलं, ते मला दिसलं. अपमान नव्हता तो?"

"असेल," ती म्हणाली. "मी आत होते, नवरी होते, मी बघितलं नाही. पण तुम्ही त्यांना कधी विचारलंत? तुमच्या बाबांना? की मागे का बसलात?"

मी विचारलं नव्हतं. बापाला असलं विचारायचं म्हणजे पुन्हा एकदा मागे बसवायचं. मी खोकं तिच्या हातातून घेतलं आणि पुढे चालायला लागलो. विधवेच्या घरी त्या दिवशी सगळ्या गल्लीने आमसुलाची बोय खाल्ली. आंबट म्हणून तोंडं वाकडी करत सगळ्यांनी दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी शेवटची भटकंती म्हणून पुन्हा पोलिन्यानोच्या त्या गोट्यांवर बसलो होतो. बायकोला राहून राहून हसू फुटत होतं. "ते रुमालाचं कसं असतं, मला दाखवा तरी," ती म्हणाली. मी रुमाल काढला. दोघांचे हात त्याखाली. एक बोट म्हणजे एक. दोन. सगळा पंजा म्हणजे पाच. ठरलं की तळव्यावर तळवा दाबायचा. तोंडाने बोलायचं नाही, चेहरा हलवायचा नाही.

"आणि मान्य नसेल तर?"

"तर हात झटकायचा, किंवा उठून जायचं."

"बरं," ती म्हणाली आणि समुद्राकडे बघत बसली. तिचा चेहरा हलला नाही. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मुंबईची बोट ब्रिंदिसीहून होती. त्रिपोलीवाला पोचवायला आला, मला मिठी मारून रडला. भाव पाडला तेव्हासुद्धा रडला होता, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही, पण त्याची मागे सरकलेली टोपी मीच सरळ केली. बोट सुटली. दुपारची वेळ होती, डेकवर माणसं कठड्याला टेकून मागे जाणारा किनारा बघत होती. पांढरी गावं एकेक करून पाण्यात बुडत गेली. आम्ही एका बाकावर बसलो होतो. बायकोने माझ्या खिशातला रुमाल काढला, तो आमच्या हातांवर पसरला, आणि त्याखाली माझा सगळा पंजा धरला.

पाच.

पाच काय, ते विचारायची गरज नव्हती. पाच जेवणं. तिच्या बापाच्या घरी.

मी तिचं एक बोट धरलं. एकसुद्धा जास्त होतं, मी धरायलाच नको होतं. पण हातावर रुमाल पडला की माझ्याने राहवत नाही, समोरून आकडा आला की आकडा द्यावा लागतो. हे तिला ठाऊक होतं. ज्या माणसाने चार वर्षं नाही म्हटलं होतं त्याच्याकडून तिने पहिल्याच दाबात एक काढलं.

तिने चार धरली. मी एक.

पुन्हा चार. मी एक.

"तुम्ही हलतच नाही," ती पुटपुटली.

"बोलायचं नाही," मी म्हणालो.

तेव्हा तिने हात काढून घेतला, रुमाल घडी करून माझ्या मांडीवर ठेवला, आणि उठली. कठड्याच्या बाजूने चालायला लागली. मागे वळली नाही. मी तिला पाठमोरी बघत राहिलो. हिला बापाला भेटायला मी कधी अडवलं नव्हतं. ती एकटी गेली असती, नेहमीसारखी, आणि म्हाताऱ्याने विचारलं असतं, जावई? आणि हिने काहीतरी सांगितलं असतं, धंद्याचं. दर वर्षी काय सांगत असेल, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

"अगं," मी हाक मारली. सौद्यात उठून गेलेल्याला मी पहिल्यांदाच हाक मारत होतो.

ती आली, बसली. मी रुमाल पसरला आणि तिची दोन बोटं धरली. तिने माझी तीन धरली, आणि सोडेना. चेहरा समुद्राकडे, डोळे भरलेले, पण चेहरा हलला नाही. मी तळव्यावर तळवा दाबला.

तीन जेवणं. खलास.

मुंबईहून जयगडला जाणारी किनाऱ्याची बोट पावसाळ्यानंतर नुकती सुरू झाली होती. होडीतून खाडीकाठी उतरलो तेव्हा सासरे अंगणात काठी घेऊन बसले होते. समोर आमसुलं नव्हती, सुकं खारवलेलं काहीतरी होतं. माझा आवाज ऐकून ते उठायला लागले. मी सलाम केला. त्यांनी तोंड वर करून माझा चेहरा शोधला, दोन्ही हातांनी माझा हात धरला, आणि म्हणाले, "आलास." एवढंच.

दुपारी जेवायला बोलावलं. मी पुढच्या ओटीवर जाऊन बसलो. तर बायकोचा भाऊ येऊन म्हणतो, "इकडे नाही, मागे."

मी उभा राहिलो. मागच्या पडवीत दस्तरखान मांडलेलं होतं.  मी चपला शोधायला लागलो. बायको दारात उभी होती. तिने फक्त उजवा हात वर धरला, तीन बोटं.

सौदा म्हणजे सौदा. मी मागे गेलो. तिथे म्हातारा आधीच बसला होता, भिंतीला टेकून. "पुढे ऊन येतं, डोळ्यांना सोसत नाही," तो म्हणाला. "मी आता दोन्ही वेळा इथेच जेवतो. बस." मी त्याच्या शेजारी बसलो. समोर खाडी होती, अगदी समोर, मध्ये काही नाही. ओहोटीचं पाणी, आणि चिखलात कलंडलेलं त्याचं जुनं गलबत, डोलकाठी काढलेली.

खाडीकडे तोंड करून तो म्हणाला, "तुझा बाप याच जागेवर बसायचा. लग्नाच्या दिवशी मी म्हटलं, पुढे ये, तू आज व्याही आहेस. म्हणाला, मालक, इथून गलबत दिसतं, भरतीला नांगर सुटला तर?"

हे खरं होतं की माझ्यासाठी म्हाताऱ्याने जुळवून ठेवलं होतं, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. समोरचा काय बोलतो यावर विश्वास ठेवून मी कधी सौदा केला नाही, आणि सासऱ्यापाशी तर नाहीच. बाप तसं म्हणू शकला असता. पण मालकाने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, हात धरून न्यायला हवं होतं. तो राग माझ्या मनात आहे आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. परवा दुबईतल्या मनखूलच्या घरी नातीने त्याच इटलीच्या किनाऱ्याचे फोटो फोनवर दाखवले, "सो क्यूट, आजोबा!" म्हणाली, आणि मी बोयच्या खोक्याची गोष्ट सांगायला लागलो तर बोलता बोलता पुन्हा त्या पडवीशी येऊन तापलो. बायको म्हणाली, "झालं सुरू."

पण जेवलो. पहिल्या दिवशी कालवांचं सुकं होतं, रात्री तांदळाची भाकरी आणि तारल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बोय, त्याच खाडीची, आमसूल घालून. म्हाताऱ्याने चाचपडत काट्याची बाजू काढून मधला तुकडा माझ्या ताटात ठेवला. तिसरं जेवण ते. बायको आतून येऊन ताटं उचलून घेऊन गेली, माझ्याकडे बघितलं नाही.

हात धुवून मी पुन्हा भिंतीला टेकून बसलो. भरती येत होती, गलबताखाली पाणी शिरत होतं.

"उद्याची बोट ना तुझी?" सासऱ्यांनी विचारलं.

"उद्याची," मी म्हणालो. मग म्हणालो, "चुकली तर परवा आहे."

आत भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.